मंदी सरली असं नेमकं कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मशीद बंदरला पॅकिंगच्या मालाचा घाऊक धंदा आहे. २०२०च्या मंदीनंतर जीडीपी वर गेला, शेअर बाजार वर गेला, पण गिऱ्हाईक होतं तेवढंच राहिलं आणि उधारी मात्र लांबली. आपल्यासारख्या विकसनशील देशाची अर्थव्यवस्था मंदीतून बाहेर आली हे ओळखायचं कसं? आणि कर्ज काढून दुसरा गाळा घ्यायचा, तर काय बघून घ्यायचा?

तुम्हाला पेढीवर दिसतं ते आणि सरकारी आकड्यांत दिसतं ते, दोन्ही खरं आहे. मंदीनंतर पैसा सगळीकडे एकदम परतत नाही, तो टप्प्याटप्प्याने येतो. आधी मोठ्या कंपन्यांचा नफा सुधारतो. त्यातून सरकारचा कर वाढतो. मग बँकांची बुडीत कर्जं कमी होतात. त्यानंतर कुठे छोट्या पुरवठादारांची बिलं वेळेवर सुटायला लागतात, आणि मजुरी सगळ्यात शेवटी हलते. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पहिल्या पायरीची बातमी असते. तुम्ही चौथ्या पायरीवर उभे आहात. तेव्हा ‘मंदी सरली का’ यापेक्षा ‘पैसा कुठल्या पायरीपर्यंत आला’ हा प्रश्न तुमच्या कामाचा. त्याला थोडं गणित लागतं, पण दुकानदाराला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

टक्के आणि पातळी

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत भारताचा जीडीपी वर्षभरापूर्वीच्या तुलनेत जवळपास २४ टक्क्यांनी घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली. चोवीस गेले, वीस आले, म्हणजे राहिले चार, असा हिशेब अनेकांनी मांडला. तो चुकीचा आहे. शंभरातले २४ गेले की उरतात ७६. ७६चे २० टक्के म्हणजे १५ रुपये २० पैसे. बेरीज ९१ रुपये २० पैसे. प्रत्यक्ष आकडेही तसेच होते. स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वगळून, २०१९च्या त्या तिमाहीत जीडीपी सुमारे ३५.७ लाख कोटी रुपये होता, २०२०मध्ये २६.९५ लाख कोटी आणि २०२१मध्ये ३२.३८ लाख कोटी. ज्या तिमाहीची वाढ विक्रमी म्हणून छापून आली, त्या तिमाहीत देश दोन वर्षांपूर्वीच्या मानाने नऊ टक्के मागे होता.

म्हणून मंदीच्या आधीचं शेवटचं बरं वर्ष १०० धरायचं आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडायचा. स्वतःच्या वहीलाही हेच लावा. २०२०-२१च्या तुलनेत विक्री दीडपट झाली याला काडीचा अर्थ नाही. तुलना २०१८-१९ किंवा २०१९-२०शी करा, आणि रुपयांत नको, किलोत किंवा नगांत करा. तुमच्या धंद्यात याला फार महत्त्व आहे, कारण प्लास्टिकच्या दाण्याचा भाव कच्च्या तेलामागे आणि पुठ्ठ्याचा भाव रद्दीमागे धावतो. दाणा महागला की बिलाचा आकडा फुगतो, माल तेवढाच गेलेला असतो.

शंभरावर परत येणं हेही पुरेसं नाही. मंदी आली नसती तर देश थांबून राहिला नसता. वर्षाला सहा टक्के धरले तरी दोन वर्षांत ११२च्या पुढे गेला असता. २०२१-२२ हे पूर्ण वर्ष मंदीपूर्व पातळीच्या जेमतेम वर आलं. मधल्या दोन वर्षांत कामाच्या वयात आलेल्या पोरांसाठी जी कामं तयार व्हायला हवी होती, ती झालीच नाहीत.

आणखी एक गोष्ट आकडे वाचणारे विसरतात: जीडीपीचा पहिला आकडा कच्चा असतो. २०२०-२१ची घसरण आधी ७.३ टक्के सांगितली गेली, मग ६.६ आणि पुढच्या फेरआकारणीत ५.८. यात लबाडी शोधू नका. कंपन्यांचे ताळेबंद, राज्यांचे हिशेब, कारखान्यांची वार्षिक पाहणी जसजशी हातात येते तसतसा आकडा बदलतो. तो स्थिरावायला तीनेक वर्षं लागतात. एका तिमाहीच्या पहिल्या आकड्यावर दहा वर्षांचं कर्ज काढू नये, एवढंच.

महागाई वजा करायची फूटपट्टी कोणती, यानेही चित्र पालटतं. २०२३-२४ला जाहीर झालेली वाढ ८.२ टक्के होती, तर चालू भावाने, म्हणजे महागाई वजा न करता, वाढ ९.६ टक्के. म्हणजे महागाईपोटी वजा केले फक्त १.४ टक्के. त्याच वर्षी किरकोळ बाजारातली महागाई सरासरी ५.४ टक्के होती. फरकाचं कारण असं की जीडीपीच्या हिशेबात घाऊक भावांचा मोठा आधार घेतला जातो आणि त्या वर्षी घाऊक भावांची सरासरी वाढ शून्याच्या खाली होती. कच्चा माल स्वस्त झाल्याने कारखान्याचं मूल्यवर्धन (विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा जाता उरतं ते) वाढलेलं दिसतं, गिऱ्हाइकाच्या पिशवीत मात्र महाग भाजी असते. तुमचं बिल, सरकारचा जीएसटी, बँकेचा हप्ता हे सगळं चालू भावात चालतं, म्हणून धंद्याच्या अंदाजाला चालू भावाची वाढच बघा. ती दहाच्या आत असेल आणि तुमच्या कर्जाचा व्याजदर बाराच्या वर, तर उत्पन्नापेक्षा देणं लवकर वाढतंय.

छोटा माणूस आकड्यात कुठे दिसतो?

खरं तर फारसा दिसत नाही, आणि श्रीमंत देशांशी आपली तुलना तिथेच फसते. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत तिमाही अंदाज करताना छोट्या, नोंद नसलेल्या कारखान्यांचं उत्पादन थेट मोजलं जात नव्हतं. औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या चालीवरून त्यांचीही चाल धरली जाई. एरवी हे चालून जातं, कारण लहान आणि मोठे साधारण बरोबरीने चालतात. मंदीत ते फाटतात. धारावीतला शिलाईचा कारखाना बंद पडून त्याचं गिऱ्हाईक मोठ्या ब्रँडकडे गेलं, तर मोठ्याची वाढ मोजली जाते आणि तिच्याच आधाराने बंद पडलेल्याचीही वाढ धरली जाते. एकाच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या ताटात गेला, आणि हिशेबात दोघंही जेवले.

जीएसटीचंही तसंच. मालाच्या धंद्यात वर्षाला ४० लाखांच्या आतली उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नाही. अशा दुकानाची विक्री नोंदणी असलेल्याकडे वळली की देशाची एकूण विक्री न वाढताही कर वाढतो. एप्रिल २०२०मध्ये जीएसटी ३२ हजार कोटींवर आला होता. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो १.१३ लाख कोटी होता. ऑक्टोबर २०२०मध्ये वसुली परत एक लाख कोटींच्या वर गेली, आदल्या ऑक्टोबरपेक्षा जास्त. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांना बंद होती! ती १ फेब्रुवारी २०२१ला वेळेची बंधनं घालून उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्टपासून मिळाली. रोजचे पाऊण कोटींच्या आसपास प्रवासी घरी असताना देशाचा कर सावरला होता. स्टेशनबाहेरचा वडापाववाला, रुमाल विकणारा, चप्पल शिवणारा यांच्या कमाईचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता.

गाड्यांची विक्री हा त्याहून बोलका पुरावा. २०१८-१९मध्ये देशात सुमारे २.१२ कोटी दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ला हा आकडा १.३५ कोटींपर्यंत खाली आला आणि २०२३-२४लाही १.८ कोटींच्या आसपास होता. उलट प्रवासी मोटारी २०१८-१९मध्ये ३३.८ लाख होत्या, त्या २०२३-२४मध्ये ४२ लाखांवर गेल्या. मोटार घेणारा मंदीतून वर निघाला, स्कूटर घेणारा पाच वर्षांनीही मागेच. इंग्रजी ‘के’ अक्षराच्या आकाराचं सावरणं म्हणतात ते हेच: एक फांदी वर, एक खाली. तुमचं गिऱ्हाईक कोणत्या फांदीवर आहे ते तुम्हालाच ठाऊक. मिठाईचे आणि भेटवस्तूंचे खोके घेणारा बहुधा वरच्या फांदीवर असतो, भाजीवाल्याच्या पिशव्या घेणारा खालच्या.

रोजगाराचे आकडे वाचताना बेरोजगारीच्या दरावर थांबू नका. एप्रिल-जून २०२०मध्ये शहरी बेरोजगारी २१ टक्क्यांच्या जवळ गेली होती, दोन वर्षांत ती साडेसातवर आली. छान वाटतं. पण गरीब देशात माणसाला बेरोजगार राहणं परवडत नाही. काम सुटलं की तो गावी शेतावर जातो, नाहीतर भावाच्या टपरीवर उभा राहतो, आणि बिनपगारी मदतनीसही कामावर असलेल्यांतच मोजला जातो. म्हणून खरी खूण म्हणजे कामाचा प्रकार. श्रमशक्ती पाहणीनुसार शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९मध्ये ४२.५ टक्के होता, २०२०-२१ला ४६.५ झाला आणि २०२३-२४लाही ४६.१च होता. नियमित पगारदारांचा वाटा याच काळात २३.८वरून २१.७वर आला. विकसनशील देश पुढे जातो तेव्हा माणसं शेतीतून कारखान्याकडे आणि सेवांकडे जातात. इथे ती उलटी गेली आणि बरीचशी तिकडेच राहिली. हा एक आकडा उतरणीला लागेपर्यंत, जीडीपी काहीही सांगो, सावरणं पूर्ण झालं असं मी तरी म्हणणार नाही.

मुंबईला हे नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कापड तयार होणं थांबलं नाही. ते भिवंडी, इचलकरंजी, सुरतच्या यंत्रमागांवर गेलं. शहराचं उत्पन्न पुढे वाढतच राहिलं. गिरणगावातल्या बहुतेक घरांत मात्र तसा पगार, तशी रजा, तसा फंड पुन्हा आला नाही. उत्पादन सावरतं, कामगार सावरेलच असं नाही. कारण यंत्र भंगारात विकलं की परत येत नाही, जुळलेले गिऱ्हाईक-पुरवठादार तुटले की सहज सांधत नाहीत, आणि पाच वर्षं बिगारी केलेल्या कारागिराची हातोटी सुटते.

आपल्याकडे औषध वेगळं का पडतं?

श्रीमंत देशात मंदी आली की बेकारभत्ता आपोआप सुरू होतो, म्हणजे मागणी पार तळाला जात नाही. आपल्याकडे तशी आपोआप चालणारी यंत्रणा थोडकी. जी आहे तिचं मूळ महाराष्ट्रात आहे: बहात्तरच्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्याच धर्तीवर २००५चा राष्ट्रीय कायदा झाला. २०२०-२१मध्ये या कायद्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम दिलं गेलं. त्याची मूळ तरतूद ६१,५०० कोटी होती, तीत ४० हजार कोटींची भर घालावी लागली. पण ती योजना फक्त ग्रामीण भागाची होती. गंमत अशी की महाराष्ट्रातल्या रोजगार हमीसाठी १९७५पासून व्यवसाय कर आकारला जातो, मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात ते याचेच. आणि २०२०ची मंदी शहरात सुरू झाली तेव्हा शहरातल्या नाका कामगारासाठी हमीचं काम कुठेच नव्हतं. आपल्या आधीच्या घसरणी, म्हणजे १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३, १९७९-८०, मुख्यतः पाऊस दगा देऊन आल्या होत्या, तेव्हा गाव आधी बुडायचं. २०२०मध्ये उलटं झालं: त्या पहिल्या तिमाहीत वाढली ती एकटी शेती.

मदत कोणत्या रूपात दिली हेही बघावं लागतं. मे २०२०मध्ये २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातला मोठा भाग कर्जहमी आणि रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सोडलेली रोख असा होता. सरकारी तिजोरीतून थेट खर्च त्यामानाने थोडा. दर माणशी पाच किलो मोफत धान्य ८० कोटी लोकांपर्यंत गेलं, ते उपासमार टाळण्यापुरतं झालं आणि चांगलं झालं. पण छोट्या धंद्याला जे मिळालं ते मुख्यतः कर्ज. आपत्कालीन कर्जहमी योजनेत आधीच्या बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज सरकारी हमीवर मिळे, मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज. म्हणजे २०२०च्या उन्हाळ्यात घेतलेल्या कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते २०२१च्या मध्यापासून, दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच, सुरू होणार होते. विक्री गेलेल्या धंद्याला कर्ज देणं म्हणजे नुकसान पुढच्या वर्षांवर ढकलणं. धंदा तगला, पण पुढची तीन वर्षं नफ्यातून नवा माल भरण्याऐवजी जुना हप्ता गेला. तुमच्या गिऱ्हाइकांची उधारी का लांबली याचं अर्धं उत्तर इथे आहे.

अर्थात सरकारलाही हात मोकळा नव्हता. केंद्राची वित्तीय तूट २०२०-२१मध्ये जीडीपीच्या नऊ टक्क्यांवर गेली होती. अमेरिकेसारखा देश डॉलर छापून खर्च करू शकतो. विकसनशील देशाने तसं केलं की चलन घसरतं आणि तेल महागतं. १९९१मध्ये आपली परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं बाहेर गहाण टाकावं लागलं. श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ला परदेशी कर्ज फेडणं थांबवलं आणि त्या सप्टेंबरात तिथली महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात पोचली. इंडोनेशियात १९९८ला एका वर्षात अर्थव्यवस्था १३ टक्क्यांनी आकसली, कारण कंपन्यांची कर्जं डॉलरमध्ये होती आणि रुपिया कोसळला. ब्राझीलचा धडा निराळा: २०१५ आणि २०१६ला मिळून सुमारे सात टक्के घसरण, आणि पुढची तीन वर्षं वाढ दोन टक्क्यांच्याही खाली. उसळी मिळेलच असा नियम नाही.

भारत २०२०मध्ये त्या मानाने भक्कम होता. सप्टेंबर २०२१ला गंगाजळी ६४२ अब्ज डॉलरवर होती. तरीही २०२२मध्ये तेल तापलं, अमेरिकेने व्याजदर वाढवले आणि वर्षभरात शंभर अब्जांहून जास्त गंगाजळी उतरली. ग्राहक महागाईच्या निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याचा भार ४६ टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे भाजी-तेल महागलं की छोटा धंदा सावरलेला नसतानाही व्याज वाढवावं लागे. एप्रिल २०२२ला महागाई ७.७९ टक्के झाली आणि ४ मेपासून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) ४ टक्क्यांवरून चढत फेब्रुवारी २०२३पर्यंत ६.५०वर गेला. बँकांची सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली बदलत्या व्याजाची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली आहेत, म्हणून ही वाढ थेट हप्त्यात आली: ५० लाखांच्या कर्जावर अडीच टक्के म्हणजे वर्षाला सव्वा लाख. नागरी सहकारी बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना हा नियम लागू नाही. तिथे करारात काय लिहिलंय ते वाचूनच सही करा.

बँका आणि घरं

तिसरी पायरी मात्र खरोखर सावरली. बँकांची बुडीत कर्जं मार्च २०१८मध्ये एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या वर होती, ती मार्च २०२४ला २.८ टक्क्यांवर आली. अशा बँका कर्ज द्यायला उत्सुक असतात, आणि तुमच्याकडे गाळ्यासाठी फोन येत असतील तर त्यामुळेच. बँक सावरली याचा अर्थ कर्जदार सावरला असा काढू नका. घरांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१मध्ये जीडीपीच्या ११.५ टक्के होती, ती २०२२-२३मध्ये पाचच्या आसपास आली. खर्च वाढला तो थोडा बचत मोडून, थोडा उसनवारीवर. नोव्हेंबर २०२३ला रिझर्व्ह बँकेने बिनतारण ग्राहक कर्जांचा जोखीम-भार (अशा कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं याचं माप) १०० वरून १२५ टक्के केला, तो उगाच नाही. खप वाढलेला दिसला की विचारा, पगारातून की कर्जातून?

सरकारी सवलतीने आलेली तेजीही वेगळी काढावी लागते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी घटवलं, मुंबईत पाचाचं दोन टक्के. जानेवारी ते मार्च ते तीन टक्के होतं. नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. त्यातली बरीच घरं पुढच्या वर्षी विकली जाणार होती, ती आधी विकली गेली. सणाला उधारीवर भरलेला माल आणि ही तेजी यांत फार फरक नाही.

आता गाळ्याचं

तुमच्यासाठी सगळ्यात विश्वासू आकडा तुमच्याच वहीत आहे: उधारीचे दिवस. एकूण येणं भागिले वर्षाची उधार विक्री, गुणिले ३६५. एक खबरदारी घ्या. येण्याच्या रकमेत जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीच्या आकड्यात बहुतेकदा नसतो. १८ टक्क्यांच्या मालात त्यामुळे दिवस तितकेच जास्त दिसतात. दोन्हीकडे कर धरा किंवा दोन्हीकडून काढा. मागच्या आठ तिमाहींचा आकडा ओळीने लिहा, त्याच्या शेजारी २०१९-२०चा.

समजा महिन्याची उधार विक्री २० लाख. पूर्वी ४५ दिवस लागायचे, म्हणजे ३० लाख बाजारात. आता ७५ लागतात, म्हणजे ५० लाख. हे वरचे २० लाख १२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४० हजार खातात. वर्षाच्या २ कोटी ४० लाख विक्रीवर चार टक्के निव्वळ नफा धरला तर तो ९ लाख ६० हजार. त्याचा चौथा हिस्सा नुसता उधारी लांबल्याने गेला. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. दुसरा गाळा घेतला की विक्री वाढेल, पण ही उधारीही त्याच प्रमाणात वाढेल. गाळ्याची किंमत सगळे मोजतात, त्यामागे लागणारं खेळतं भांडवल फारसं कोणी मोजत नाही.

सर्वात जास्त धंदे कुठे अडकतात ते सांगतो. कॅश क्रेडिटच्या खात्यातून पागडी किंवा गाळ्याची रक्कम भरली जाते. ते खातं माल आणि येण्यावर चालतं. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनं येणं ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाहीत आणि उरलेल्यावरही पाव भाग मार्जिन कापतात. बाजार थंडावला, उधारी नव्वदीच्या पलीकडे गेली की पैशाची गरज सगळ्यात जास्त असते त्याच महिन्यात मर्यादा घटते. मग खातं थकीत दिसू लागतं: ३० दिवस उलटले की पहिली पायरी, ६० उलटले की दुसरी, ९० च्या पुढे बुडीत. पहिल्या पायरीलाच दुसरी बँक दार लावून घेऊ शकते. गाळा मुदतीच्या कर्जातून घ्या, हप्ता बारीक हंगामातल्या नफ्यातून निघेल एवढाच ठेवा, आणि त्या कर्जावर अडीच टक्के जादा व्याज धरून एकदा हिशेब करा.

वेळ कधी? उधारीचे दिवस सलग दोन तिमाही जुन्या पातळीच्या जवळ आले पाहिजेत, आणि त्यातली एक जानेवारी ते मार्च असावी. दसरा-दिवाळीची तिमाही सगळ्यांनाच गोंडस दिसते. माल किलोत २०१९-२०च्या वर गेला पाहिजे. पहिल्या पाच गिऱ्हाइकांकडे निम्म्याहून जास्त येणं असेल तर थांबा. बाजारातल्या कानगोष्टींनाही किंमत द्या: भिशीत हप्ते चुकायला लागले, चेक पुढच्या तारखेचे येऊ लागले, माथाडींच्या पाळ्या घटल्या, तर जीडीपीचा आकडा यायच्या कितीतरी आधी कळतं. हे जुळत नसेल तर लीव्ह अँड लायसन्सवर ११ महिने जागा घ्या, किंवा साठा भिवंडीच्या गोदामात ठेवून मशीद बंदरला फक्त नमुने आणि हिशेब ठेवा.

उधारी वसुलीसाठी कायद्याचा आधार शोधत असाल तर एक बारकावा बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. पण घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१मध्ये उद्यम नोंदणी (सरकारकडची लघु उद्योग म्हणून नोंद) मिळाली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांना ठरावीक प्रमाणात द्यावंच लागतं त्या, कर्जापुरती, या वसुलीच्या तरतुदींसाठी नाही. तुम्ही नुसता माल आणून विकत असाल तर हे हत्यार तुमच्या हातात नाही. पिशव्या किंवा खोके स्वतः तयार करत असाल आणि उद्यम प्रमाणपत्रावर ‘उत्पादन’ अशी नोंद असेल, तर आहे. प्रमाणपत्र काढून ती नोंद आधी बघा, मग गिऱ्हाइकाला पत्र लिहा.